मिरचीचं खाणंपिणं

आरिका हे बंदर आज चिलेमध्ये आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ते स्पेनच्या पेरू प्रांतात होतं. माणसं राहतात अशा जगातल्या सर्वांत कोरड्या ठिकाणांपैकी हे एक. पाऊस जवळजवळ नाहीच. तरीही शेजारच्या आसापा खोऱ्यात पाटाच्या पाण्यावर मिरची पिकायची, आणि ती घरापुरती नव्हे, तर विकण्यासाठी. डोंगरावरचे व्यापारी ती भरून न्यायला खाली उतरायचे. १७१२ ते १७१४ या काळात या किनाऱ्यावर हिंडलेला आमेदे-फ्रांस्वा फ्रेझिए नावाचा फ्रेंच लष्करी इंजिनिअर या मिरचीपाशी थबकला. चौदाव्या लुईने त्याला व्यापाऱ्याच्या वेषात धाडलं होतं ते स्पॅनिश किल्ले आणि तटबंद्या न्याहाळायला. अशा कामगिरीवर असलेल्या माणसाने मिरचीच्या रोपाला खत किती घालतात, कधी घालतात, हे नोंदवून ठेवलं हे शेतीच्या इतिहासाचं नशीबच.

१७१६ साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात ही नोंद आहे. रोपं नागमोडी ओळीत लावायची, म्हणजे पाणी धावत सुटत नाही, प्रत्येक बुंध्याशी सावकाश पोचतं. मग प्रत्येक रोपाला तळहाताच्या खळग्यात मावेल एवढा ग्वानो. फुलं लागली की आणखी थोडा. फळ धरलं की चांगली मूठभर. आणि दर वेळी पाणी द्यायचंच, नाहीतर ग्वानोतले क्षार विरघळत नाहीत आणि रोप करपतं.

महाराष्ट्रातल्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात आज मिरचीच्या खताचं विचारलं तर उत्तराचा सांगाडा हाच निघतो. लागवडीच्या वेळी बेसल डोस, फुलोऱ्यात दुसरा हप्ता, फळधारणेला तिसरा. तीनशे वर्षांत मूठ जाऊन किलो आले, हप्ते तेच राहिले.

ग्वानो म्हणजे समुद्रपक्ष्यांची बेटांवर साचलेली विष्ठा. पाऊस नसल्यामुळे तिच्यातलं नत्र धुऊन जात नाही, आणि नत्राबरोबर स्फुरदही भरपूर असतो. इकीकेकडून तारवांतून ती आरिकाला यायची आणि तिथून लामांच्या पाठीवर शेतात. स्पॅनिश लोक यायच्या आधीपासून हे चालू होतं. इंका राजवटीत विणीच्या हंगामात बेटावर पाऊल ठेवणाऱ्याला देहदंड होता, असं गार्सिलासो दे ला वेगाने १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे. खताच्या पुरवठ्यासाठी पक्ष्यांना इतकं कडक संरक्षण दिल्याचं दुसरं उदाहरण चटकन सापडणार नाही.

फ्रेझिएने परतताना चिलेमधून जाड फळाच्या स्ट्रॉबेरीची रोपं सोबत घेतली. त्यातली पाच जगली. पुढे युरोपात त्यांचा उत्तर अमेरिकेतल्या स्ट्रॉबेरीशी संकर होऊन आजची बागेतली स्ट्रॉबेरी जन्माला आली. महाबळेश्वरच्या टोपलीतली स्ट्रॉबेरी त्याच वंशातली. हे विषयांतर वाटेल, पण या गोष्टीत स्ट्रॉबेरी अजून एकदा येणार आहे.

ग्वानोच्या त्या मुठीत नेमकं काय होतं, याचा छडा युरोपात शंभर वर्षांनी लागू लागला. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हुम्बोल्टने पेरूहून ग्वानोचे नमुने नेले. १८०६ मध्ये पॅरिसमध्ये फुरक्रुआ आणि वोक्लँ यांनी त्यांचं रासायनिक पृथक्करण केलं. १८४० मध्ये जर्मनीत युस्टुस फॉन लीबिगचा ग्रंथ आला आणि वनस्पती मातीतून खनिजं घेते, ती पुरवली तर पीक येतं, हा विचार पक्का झाला. १८४२ मध्ये इंग्लंडच्या जॉन बेनेट लॉजने सल्फ्युरिक ॲसिड वापरून सुपरफॉस्फेट बनवण्याचं पेटंट घेतलं. पुढच्याच वर्षी रॉथॅमस्टेडच्या आपल्या जमिनीवर त्याने जोसेफ हेन्री गिल्बर्टला हाताशी धरून खतांचे प्रयोग मांडले. ब्रॉडबाक या शेतात ते अजूनही चालू आहेत. इकडे पेरूच्या चिंचा बेटांवरचे ग्वानोचे डोंगर चार दशकांत खरवडून युरोपच्या शेतांत गेले. पुढे त्याच वाळवंटी किनाऱ्यावरच्या सोऱ्यासाठी चिले, पेरू आणि बोलिव्हिया यांच्यात युद्ध पेटलं आणि त्यात आरिका पेरूच्या हातून गेलं ते कायमचं.

भारतात तेव्हा मिरची येऊन तीनशेहून जास्त वर्षं झाली होती. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतल्यानंतर ती आली आणि सोळाव्या शतकातच रुळली. पण ती आली ती बीच्या रूपात. ग्वानोची मूठ काही तिच्यासोबत आली नाही. इथे तिला जे होतं ते मिळालं: शेणखत, लेंडीखत, शेतात बसवलेली मेंढरं, किनाऱ्यालगत मासळीची कुटी, पुण्याच्या आसपास नगरपालिकेचं सोनखत. कोकणात आणि मावळात रोपं टाकण्याआधी राब भाजायची रीत होती. तिच्यावर हॅरॉल्ड मॅन, एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांनी १९१२ मध्ये सविस्तर निबंध लिहिला आहे. तो भाताच्या रोपांबद्दल आहे, पण त्यातला प्रश्न कुठल्याही रोपवाटिकेला लागू पडतो: गुण राखेचा की तापलेल्या मातीचा? मातीतल्या जिवांना त्या तापाने काय होतं, हा विचार तेव्हा नुकता सुरू होत होता.

सरकारने पाठवलेला रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर १८८९ मध्ये हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करायला आला. शेतकऱ्याला काही कळत नाही, या सरकारी समजुतीला त्याने आपल्या १८९३ च्या अहवालात सुरुंग लावला. इथली हाडं आणि तेलबिया जहाजात भरून परदेशी जातात, म्हणजे मातीतलं सत्त्वच जातं, याकडेही त्याने बोट दाखवलं. हाडांतला स्फुरद विलायतेच्या शेतात आणि दख्खनच्या काळ्या रानाला तो कमीच, असा तो हिशेब.

काळ्या रानात स्फुरद नसतोच असं नाही. तो असतो, पण चुन्याशी बांधलेला. कोकण-गोव्याच्या जांभ्या मातीत तो लोह आणि ॲल्युमिनियमशी बांधलेला असतो. वरून घातलेला स्फुरदही बघता बघता त्याच खोड्यात अडकतो. नत्र पाण्याबरोबर मुळाकडे वाहत येतं, स्फुरद जागचा हलत नाही. मूळ आपल्या भोवतालचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा पट्टा चाटून पुसून घेतं आणि पुढे उपाशी राहतं. या उपासावर निसर्गाने फार पूर्वी काढलेला तोडगा लॉज सुपरफॉस्फेट विकत होता तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हता.

त्याचा सुगावा लागला तोही खाण्याच्या मोहातून. प्रशियाच्या सरकारला ट्रफल ही महागडी जमिनीतली अळंबी लागवडीखाली आणायची होती. ते काम बर्लिनच्या आल्बर्ट बेर्नहार्ड फ्रांककडे आलं. ट्रफलची शेती काही जमली नाही. पण झाडांची मुळं उकरताना त्याला दिसलं की मुळांच्या टोकांवर बुरशीचं आवरण असतं आणि तरीही झाड ठणठणीत असतं. १८८५ मध्ये त्याने या जोडीला ‘मायकोरायझा’ म्हटलं आणि ही बुरशी झाडाला दाईसारखी पाजते असं मांडलं. समकालीनांना ते पटलं नाही. बुरशी म्हणजे रोग, हे समीकरण तेव्हा नुकतंच पक्कं झालं होतं.

फ्रांकची बुरशी जंगलातल्या झाडांची. मिरचीची वेगळी, ती मुळाच्या बाहेर दिसत नाही, आत शिरते. जावा बेटावरच्या बोगोरच्या वनस्पती उद्यानात यान्से या डच शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये उष्ण प्रदेशातल्या अनेक वनस्पतींची मुळं तपासली आणि बहुतेकांच्या पेशींत बुरशीच्या फुगीर पिशव्या त्याला आढळल्या. १९०५ मध्ये फ्रान्सच्या गालोने पेशीच्या आत झाडासारखा फांद्याफांद्यांनी पसरलेला भाग दाखवला आणि त्याला आर्बस्क्यूल हे नाव दिलं. देवघेव इथेच होते. बुरशी स्फुरद देते, वनस्पती साखर आणि स्निग्धाम्लं देते. वनस्पतीने उन्हातून कमावलेल्या कर्बापैकी ४ ते २० टक्के या भागीदाराकडे जातो, असा अंदाज शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे ही बुरशी फुकट राबत नाही. मिरची, टोमॅटो, कांदा, मका, ज्वारी या सगळ्यांशी तिचं जमतं. मोहरी-कोबीच्या कुळाशी मात्र नाही. स्कॉटलंडच्या ऱ्हायनी गावच्या दगडात सापडलेल्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींतही ही आर्बस्क्यूलं आहेत. तेव्हा मुळं म्हणावीत असं काही वनस्पतींना धड फुटलंही नव्हतं.

एकीकडे खनिज खत आणि दुसरीकडे बुरशी, या दोन शोधांना एकमेकांसमोर उभं केलं ते आल्बर्ट हॉवर्डने, आणि तेही होळकरांच्या इंदुरात. १९२४ ते १९३१ तो तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीचा संचालक होता. संस्थेला जमीन इंदूर दरबारने दिलेली. पालापाचोळा, शेण, मूत्रमाती आणि राख यांचे थर लावून, वेळेवर पाणी आणि वेळेवर पलटणी देऊन खत कुजवायची ‘इंदूर पद्धत’ तिथे बसवली गेली. १९३१ मध्ये तिच्यावर जे पुस्तक आलं त्यावर दोन लेखकांची नावं आहेत: आल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. सेंद्रिय शेतीच्या जागतिक इतिहासात हॉवर्डचा उदोउदो होतो, वाडांचं नाव मात्र तळटीपेत जातं. कंपोस्टचं रसायन पाहणारे वाडच होते, हे मराठी वाचकाने तरी लक्षात ठेवायला हरकत नाही.

निवृत्तीनंतर, १९३७-३८ मध्ये, हॉवर्ड हिंदुस्थान आणि श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांतून फिरला. कंपोस्टवर वाढलेल्या चहाची मुळं त्याने इंग्लंडमध्ये मायकोरायझाच्या अभ्यासक एम. सी. रेनर यांच्याकडे तपासायला पाठवली. त्यांत बुरशी भरपूर निघाली. १९४० च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात त्याने यावरून मोठी उडी घेतली: कंपोस्टने मातीतली बुरशी पोसली जाते, बुरशीने पीक सुदृढ होतं, कृत्रिम खतं ही साखळी तोडतात. रॉथॅमस्टेडवर तर त्याने तोंडसुख घेतलं. निरीक्षण चांगलं होतं, पुरावा तोकडा होता आणि शैली प्रचारकाची. त्यामुळे त्याचे अनुयायी त्याच्यावर लुब्ध झाले आणि शास्त्रज्ञांनी मायकोरायझाकडेच संशयाने पाहायला सुरुवात केली. या भांडणाने बुरशीचंच जास्त नुकसान केलं असं म्हणावं लागतं.

आता स्ट्रॉबेरी. केंट परगण्यातल्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्रात बार्बरा मॉस या तरुण संशोधिकेला स्ट्रॉबेरीच्या मुळांना चिकटलेले बुरशीचे बीजाणू दिसले. १९५३ मध्ये ‘नेचर’मध्ये तिचं टिपण आलं. त्यानंतर तिने हे बीजाणू रोपांना देऊन वाढीतला फरक मोजला. जे यान्से आणि गालोने नुसतं पाहिलं होतं, ते आता हाताने लावता येऊ लागलं. १९६३ मध्ये गर्डमन आणि निकल्सन यांनी माती पाण्यात कालवून बारीक चाळण्यांतून बीजाणू गोळा करायची सोपी रीत दिली. आजही कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ती तशीच शिकवतात. बार्बरा मॉस पुढे गेली ती थेट रॉथॅमस्टेडला! सुपरफॉस्फेटचं माहेर, हॉवर्डच्या लेखी खनिज खतवाल्यांचा बालेकिल्ला. आणि १९६० नंतर हीच जागा या बुरशीच्या अभ्यासाचं जगातलं एक मुख्य केंद्र झाली. किरणोत्सारी स्फुरद वापरून तिथे आणि लीड्समध्ये केलेल्या प्रयोगांतून दिसलं की बुरशी काही जादू करत नाही. मूळ ज्या साठ्यातून स्फुरद घेतं त्याच साठ्यातून तीही घेते. फक्त तिचे केसाहून कितीतरी बारीक तंतू मुळाच्या चाटलेल्या पट्ट्यापलीकडे काही सेंटीमीटर पसरतात.

आणि स्फुरद मुबलक असेल तर? मग वनस्पती दार लावून घेते. याची यंत्रणा २००५ मध्ये जपानी शास्त्रज्ञांच्या कामातून उलगडू लागली. भुकेलेलं मूळ मातीत स्ट्रायगोलॅक्टोन नावाची द्रव्यं सोडतं, त्यांच्या सांगाव्याने बुरशी फांद्या फोडत मुळाकडे येते. स्फुरदाने पोट भरलं की हा सांगावा थांबतो. खतांनी बुरशी मरते असं हॉवर्डला वाटायचं. खरं तर पोट भरलेलं पीकच तिला बोलवत नाही.

मिरचीला या गोष्टीत मानाचं पान मिळालं बंगळूरला. कृषी विज्ञान विद्यापीठात डी. जे. बाग्यराज यांच्या चमूने निरनिराळ्या पिकांवर या बुरशा तपासल्या. बाग्यराज आणि श्रीरामुलू यांचा मिरचीवरचा लेख १९८२ मध्ये ‘प्लांट अँड सॉइल’ या नियतकालिकात आला. युक्ती साधी होती: बुरशी शेतभर पसरायची नाही, वाफ्यातच द्यायची. मिरचीचं बी वाफ्यात टाकतात, रोप महिना-सव्वा महिन्याचं झालं की उपटून शेतात लावतात. वाफा लहान, म्हणून बुरशीही थोडीच लागते, आणि रोप शेतात जाताना भागीदार सोबत घेऊन जातं. अशा रोपांची वाढ आणि उत्पन्न सुधारलं, शिवाय स्फुरदयुक्त खत वाचलं. रोप लावून घेतल्या जाणाऱ्या पिकांत शिफारशीच्या निम्म्या स्फुरदावर भागतं, असं या गटाचं पुढचं सांगणं होतं. १९८६ मध्ये श्रीरामुलू आणि बाग्यराज यांनी काळ्या चिकण जमिनीतल्या मिरचीवरचे निष्कर्ष छापले. ही माती उत्तर कर्नाटकापासून सोलापूर-नांदेडपर्यंतच्या शेतकऱ्याच्या रोजच्या ओळखीची.

हॉवर्डला हा निष्कर्ष आवडला नसता आणि लीबिगलाही. खनिज खत नको, असं तो म्हणत नाही. ते कमी पुरे, असं म्हणतो, आणि कमी घातलं तरच बुरशी कामाला येईल अशी अटही घालतो.

मिरचीच्या वाफ्यात याच सुमारास ट्रायकोडर्मा नावाची दुसरी एक बुरशी शिरत होती. तिचा इतिहास वेगळा, तो मिरचीच्या रोगांपासून सुरू होतो. वाफ्यातली रोपं बुडाशी मऊ पडून कोलमडतात, पुढे शेतात उभी झाडं मर लागून जातात. न्यू मेक्सिकोत लिओन लिओनियनने १९२२ मध्ये मिरचीवरच्या फायटोफ्थोरा या रोगजंतूचं वर्णन केलं. त्याच्या आदल्या वर्षी तिथल्याच फाबियान गार्सियाने ‘न्यू मेक्सिको नंबर ९’ हा वाण दिला होता, आणि त्याच्या निवडीमागे मर रोगाची चिंता होती. म्हणजे रोगावरचं पहिलं उत्तर बियाण्यात शोधलं गेलं. मातीतलं उत्तर १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात रिचर्ड वाइंडलिंगला दिसलं: ट्रायकोडर्मा ही बुरशी रोगाच्या बुरशीला विळखा घालून खाते. ट्रायकोडर्मा हे नाव १७९४ पासून वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत होतं, तिचा हा गुण मात्र कोणी ओळखला नव्हता. त्यानंतरही रासायनिक बुरशीनाशकांच्या झगमगाटात ती चाळीसेक वर्षं मागेच राहिली.

महाराष्ट्रात मात्र ट्रायकोडर्मा घरोघरी पोचली आणि मायकोरायझा मागून रखडत आली. कारण व्यवहाराचं आहे. ट्रायकोडर्मा उकडलेल्या धान्यावरसुद्धा काही दिवसांत हिरवीगार वाढते. कृषी विद्यापीठं, विज्ञान केंद्रं, बचत गट, कोणालाही ती वाढवता येते. आर्बस्क्यूलवाली बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढतच नाही. ती कुंडीत मका किंवा गवत लावून त्यांच्या मुळांवर वाढवावी लागते, नाहीतर प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यात गाजराच्या मुळांवर. दिल्लीच्या टेरी संस्थेने ही काचेतली रीत मोठ्या प्रमाणावर बसवून कंपन्यांना दिली. २००६ मध्ये जैविक खतं खत नियंत्रण आदेशाखाली आली. पहिल्या यादीत जिवाणू होते, मायकोरायझाचा नंबर नंतर लागला. गोवा विद्यापीठातून २००९ मध्ये बी. एफ. रॉड्रिग्स आणि टी. मुथुकुमार यांचं गोव्यातल्या या बुरशा ओळखायचं हस्तपुस्तक निघालं. डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर पिकणाऱ्या काणकोणच्या खोला मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. जांभ्या मातीत कोणत्या बुरशा नांदतात ही माहिती तिच्या कामाची.

दरम्यान खनिज खताचीही घडी बदलली. राणीपेटला १९०६ मध्ये सुपरफॉस्फेट बनू लागलं, पण मराठी शेतकऱ्याच्या घरात खत शिरलं ते १९६५ नंतर, तुर्भ्याच्या कारखान्याच्या ‘सुफला’बरोबर. पंधरा-पंधरा-पंधरा हे आकडे शाळेत न गेलेल्या माणसालाही पाठ झाले. बागायती मिरचीला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद, ५० किलो पालाश ही मात्रा रुळली. पालाश जवळजवळ सगळं बाहेरून, स्फुरदाचा दगडही बराचसा मोरोक्को-जॉर्डनकडून. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद आणि पालाश खतांवरचं दरनियंत्रण उठलं तेव्हा भाव एकदम चढले आणि शेतकरी स्वस्त युरियाकडे वळला. जैविक खतांना सरकारदरबारी किंमत आली ती या धक्क्यानंतर. बुरशीवरच्या प्रेमापेक्षा आयातीच्या बिलाचा त्यात जास्त वाटा होता.

आज मिरचीचं रोप गादीवाफ्यातून प्रोट्रेमध्ये गेलं आहे. शेडनेटखाली, कोकोपीटमध्ये. नारळाच्या काथ्याच्या भुशात मातीतली बुरशी मुळातच नसते, म्हणून वाफ्यात बुरशी द्यायची बंगळूरची रीत इथे पूर्वीपेक्षा जास्त लागू पडते. ट्रेमध्ये ती द्यायला काही ग्रॅम पुरतात. पण बहुतेक वेळा मायकोरायझाचं पाकीट उघडतं ते लागवड झाल्यावर, ठिबकमधून, आणि त्याच आठवड्यात त्याच नळीतून ‘बारा-एकसष्ट’ सुटतं. हे विद्राव्य खत म्हणजे ६१ टक्के स्फुरद. मुळं फुटायला म्हणून ते देतात आणि मुळं फुटतातही. फक्त बुरशीला बोलावणं जात नाही. माती परीक्षणात स्फुरद ‘भरपूर’ निघालेल्या रानासाठीही ही दोन्ही पाकिटं एकाच बिलावर चढतात.